हात मिळवणाऱ्या मिस्किटाबाई

नमस्कार करणाऱ्या माणसाची मिस्किटाबाई मोठी पंचाईत करायच्या. समोरचा दोन्ही हात जोडून उभा राहिला, की बाई आपला उजवा हात पुढे करून तशाच थांबायच्या. तो बिचारा जोडलेले हात सोडवून आपला उजवा हात त्यांच्या हातात देईपर्यंत त्या जागच्या हलत नसत. माझ्यावर ही वेळ आली ती मरोळच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या ऑफिसात. मी तिथे मालकांच्या असोसिएशनचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हटलं की लोक जरा सावरून बसतात, म्हणून आधीच सांगून टाकतो, पगारी सेक्रेटरी. पाण्याची मोटर जळली, गटार तुंबलं, कुणाच्या टेम्पोने कुणाचा दरवाजा अडवला, की कर्णिकला हाक.

"मी मिस्किटा. फॅक्टरी इन्स्पेक्टर," असं म्हणून त्यांनी माझा हात असा काही दाबला की बोरीवलीला घरी पोचेपर्यंत अंगठी टोचत होती. बुटका बांधा, सावळा रंग, कानापर्यंत कापलेले केस, साधा पंजाबी ड्रेस, आणि त्याखाली गवंड्याच्या पायात शोभतील असे जाड बूट. ओढणी नाही. मशीन चालतं तिथे लोंबणारी कुठलीही गोष्ट त्यांना चालत नसे, त्यामुळे माझ्या टायकडे बघून त्या म्हणाल्या, "हा काढून खिशात ठेवा. नाहीतर तुम्हीच एखाद्या मशीनमध्ये जाल आणि मला तुमची केस करावी लागेल." मी तेव्हापासून टाय लावणं सोडलं ते सोडलंच.

घरी बायकोला मी सांगितलं, की कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बायका अशाच हात मिळवतात, त्यांच्यात ती पद्धत असते. बायको म्हणाली, "तुला ना, सगळ्यांचं सगळं माहीत असतं."

आमच्या इस्टेटीत इन्स्पेक्टर येणं ही काही नवलाई नव्हती. गेटवर सरकारी माणूस दिसला की वॉचमन मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पाहुणे आले' एवढंच टाकायचा. मग गाळ्यागाळ्यांत जी लगबग उडे ती लग्नघरातही उडत नसेल. जिन्यात रचलेली खोकी नाहीशी व्हायची, कामगारांच्या पायांत बूट यायचे, आणि कपाटांतून जाळ्या बाहेर पडायच्या. जाळी म्हणजे गार्ड. पत्रा डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून त्याला आकार देणारी पॉवर प्रेस असते ना, तिच्या तोंडात हात जाऊ नये म्हणून बसवतात ती. जाळी लावली की हात वाचतो, पण काम हळू होतं. आणि आमच्याकडे प्रेसवर मजुरी मिळते ती नगावर. त्यामुळे मालकालाही जाळी नको आणि कामगारालाही नको. जाळीची जागा कपाटात, हे सगळ्यांच्या सोयीने ठरून गेलं होतं. इन्स्पेक्टर यायचे, मालकाच्या केबिनमध्ये एसी लागायचा, चहा व्हायचा, आणि कप खाली ठेवेपर्यंत प्रत्येक प्रेसवर जाळी चढलेली असायची.

मिस्किटाबाईंनी पहिल्याच महिन्यात ह्या व्यवस्थेची पार वाट लावली. एका सकाळी मी इस्टेटच्या मागच्या बाजूला पाइप बघायला गेलो, तर कंपाउंडच्या भिंतीला पडलेल्या भगदाडातून वाकून बाई आत येत होत्या.

"अहो मॅडम, गेट तिकडे आहे," मी म्हटलं.

"गेट तुमचं आहे कर्णिक. ही वाट आमची आहे," त्या ड्रेसवरची धूळ झटकत म्हणाल्या.

बाई मरोळच्या जुन्या गावठाणातल्या. क्रुसाच्या मागच्या गल्लीत त्यांचं कौलारू घर, आणि तिथून निघालेली पायवाट थेट आमच्या मागच्या भिंतीला येऊन थडकते, हे इतकी वर्षं इस्टेटीत काढून मला ठाऊक नव्हतं. इस्टेट व्हायच्या आधी इथे सगळी भातशेती होती. "आता जिथं नाईकांच्या प्रेस आहेत ना, तिथं माझ्या आज्याचं खाचर होतं," त्या म्हणाल्या. "आजा दिवसभर त्यात हात घालून बसायचा. चिखलात गेलेला हात परत निघायचा हो." आणि जाड बूट आपटत त्या पुढे गेल्या. त्या दिवशी ग्रुपवर 'पाहुणे आले' आलंच नाही, आणि मालकांना पाहुणे थेट मशीनशेजारी उभे दिसले.

हात मिळवण्याचा अर्थ मला त्याच फेरीत कळला. बाई केबिनकडे वळल्याच नाहीत. त्या प्रेसवर बसलेल्या एकेका माणसापाशी गेल्या आणि हात पुढे करत राहिल्या. माणसं लाजत होती, तेलकट हात पँटला पुसत होती. "असू दे रे तेल, मी काय लग्नाला निघालेय?" असं म्हणत त्या हात घेत होत्या. एकाने डावा पुढे केला. बाई म्हणाल्या, "उजवा दे." त्याने मालकाकडे बघितलं, मग सावकाश खिशातून उजवा काढला. अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच होतं. बाईंनी तो हातही तेवढाच घट्ट धरला, तेवढाच हलवला. बाहेर आल्यावर मात्र मालकाला एकाच वाक्यात विचारलं, "हे कधी झालं आणि मला कळवलं का नाही?" मी बायकोला दिलेलं कॉन्व्हेंटचं व्याख्यान मनातल्या मनात परत घेतलं.

पुढे मालकांनीही शक्कल काढली. बाई दिसल्या की ज्यांची बोटं कमी असतील त्यांना गच्चीवर पाठवायचं. मग बाई आधी गच्चीवर जाऊ लागल्या. एकदा तर वर चढून धापा टाकत त्या तिथल्या मंडळींना म्हणाल्या, "बाबांनो, पुढच्या वेळी तळमजल्यावर लपा ना, माझे गुडघे दुखतात." सगळे हसले, आणि हसता हसता एकेकाने हात पुढे केला.

एवढी चिकाटी आहे म्हणजे ह्या बाईच्या घरात काहीतरी घडलेलं असणार, असं इस्टेटीत सगळे धरूनच चालले होते. कुणी म्हणे वडिलांचा हात गिरणीत गेला, कुणी म्हणे भावाचा. मे महिन्यात एकदा पावसाळ्याआधीच्या नाल्याच्या कामासाठी मी गावठाणात गेलो होतो, तेव्हा त्यांच्या दारावरून जायचा योग आला. अंगणात बाटली मसाल्याचं, म्हणजे वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायच्या मसाल्याचं, कांडप चाललं होतं. तोंडाला फडकी बांधलेल्या बायका उखळात मिरच्या कुटत होत्या, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला शिंका येत होत्या. मिस्किटाबाई सुट्टीच्या दिवशीही इन्स्पेक्टरच होत्या. एका कांडपिणीला त्या चष्मा लावायला सांगत होत्या आणि ती ऐकत नव्हती.

ओट्यावर त्यांची म्हातारी आई बसली होती. "ये बाबा, बस. मना वाटला मुन्शिपाल्टीचा मानूस आला," असं म्हणून तिने मला पाणी दिलं. घरात भिंतीवर एक क्लॅरिनेट टांगलेलं होतं. मी धीर करून बाईंना वडिलांचं विचारलं.

"लोक म्हणतात त्यांचा हात गेला होता," मी म्हटलं.

बाई खो खो हसल्या. "कोणी सांगितलं? माझ्या बाबाचे दोन्ही हात मरेपर्यंत शाबूत होते. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे ते. अंधेरीपासून वसईपर्यंत त्यांना बोलावणं यायचं." मग त्यांनी भिंतीवरचं वाद्य काढलं आणि माझ्या हातात दिलं. "धरून बघा. एक तरी बोट रिकामं राहतं का? मी लहानपणी त्यांच्यासमोर बसून बोटंच बघत बसायचे. तेव्हापासून माणूस दिसला की आधी बोटांकडे लक्ष जातं माझं. ह्यात दुःख काही नाही कर्णिक, कौतुक आहे."

मला ते फार आवडलं. आपण माणसाच्या चांगुलपणामागे लगेच एखादी जखम शोधायला निघतो. बाईंच्या मागे लग्नातला बँड निघाला.

बाईंना लाच देण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. दिवाळीत सुक्या मेव्याचे डबे त्यांच्या टेबलाकडे निघायचे आणि आलेल्या पावली परत जायचे. उलट नाताळात बाईच नेवऱ्या, कलकले अशा नाताळच्या फराळाचे डबे घेऊन इस्टेटीत फिरायच्या. त्यातही त्यांचा हिशेब उफराटा होता. ज्याच्यावर वर्षभरात केस केली असेल त्याचा डबा सगळ्यात मोठा. मालक डबा उघडून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायचे, खावं की वकिलाला दाखवावं असं त्यांना व्हायचं. खाल्ल्यावर मात्र बोटं चाटायचे.

आता नाईकांची गोष्ट सांगतो, कारण मिस्किटाबाई म्हटलं की मला तीच आठवते.

श्रीधर नाईक मूळचे मालवणकडचे. तरुणपणी प्रेसवर मजूर म्हणून लागले आणि कष्टाने स्वतःचा गाळा केला. त्यांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नव्हती, आणि ती नसल्याचा त्यांना कोण अभिमान! नवीन माणूस भेटला की ते हात वर करून दाखवायचे. "ही बघा माझी डिग्री. ही दोन बोटां गेली, म्हणान मी कारागीर झालंय." असोसिएशनच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात ही गोष्ट व्हायची. पट्टी बांधून दुसऱ्याच दिवशी आपण कामावर कसे हजर झालो, हे ते इतकं रंगवून सांगायचे की लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवत असे.

बाईंनी पहिल्या भेटीत त्यांचाही उजवा हात घेतला. नाईकांनी आपली गोष्ट सांगितली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "तेव्हा कसं वाटलं होतं तुम्हाला?"

"कसा म्हणजे?" नाईक गोंधळले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. मग ते हसले आणि चहा मागवायला वळले.

नाईकांच्या गाळ्यात मोठ्या प्रेसवर रुक्साना बसायची. गोवंडीहून यायची. नवरा गेलेला, दोन मुली शाळेत, घरात कमावणारी ती एकटी. हात असा चालायचा की बघत राहावं. एका फेरीत बाईंनी तिच्यापुढे हात केला, तर तिने मनगटापासून ओढणीत गुंडाळलेला हात पुढे केला. बाईंनी ओढणी सोडली. मधल्या बोटाला पट्टी होती, नख गेलेलं.

"काय झालं गं?"

"दरवाजात आलं मॅडम. घरी."

"घरच्या दरवाज्याला डाय बसवलीय काय?" बाई म्हणाल्या आणि प्रेसकडे वळल्या. प्रेसवर जाळी होती. कुणीतरी चपळाई करून वेळेत चढवली होती. बाईंनी तिच्यावरून हळूच बोट फिरवलं आणि ते बोट नाईकांच्या नाकासमोर धरलं. बोट स्वच्छ होतं.

"नाईक, किती छान ठेवलीत हो जाळी! माझ्या आईच्या शोकेसमध्ये कपबश्या आहेत, त्या अशाच चकचकीत असतात. त्यातून कधी कोणी चहाच पीत नाही ना."

चालत्या प्रेसच्या जाळीवर तेल उडतं, धूळ बसते, ती काळी होते. हे इस्टेटीत पोरासोरांनाही माहीत. पण इन्स्पेक्टरला दाखवायची वस्तू चांगली पुसून दाखवावी, हा आपला संस्कार आड आला. नाईकांची माणसं ती जाळी कपाटात ठेवतानाही फडक्याने पुसून ठेवायची. बाईंनी तिथल्या तिथे मोठी प्रेस बंद केली, तिला सील लावलं, आणि जाळीविना काम करवल्याबद्दल केस होईल असं सांगितलं. प्रेस बंद असेल तेवढे दिवस रुक्सानाचा रोज, म्हणजे दिवसाची सरासरी मजुरी, मालकाने द्यायचा, हेही बजावलं.

नाईकांचा सगळा धंदा त्या एका प्रेसवर होता. गाडीचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीची मोठी ऑर्डर हातात होती, आणि वेळेत माल गेला नाही तर ती जाणार होती. ती गेली असती तर गाळ्याला टाळंच. नाईक भडकले. "बाई, तुमका काय वाटता, मी माणसां मारूक बसलंय? ह्या वयात मी रस्त्यार येव काय?"

पण त्यांच्याहून जास्त भडकली रुक्साना. ती बाईंच्या मागे जिन्यापर्यंत धावत आली. "मॅडम, जाळी मीच काढते. मालक काढायला नाय बोलत. जाळी लावून पीस निघत नाय ना! गाळाच बंद पडला तर हा रोज तरी कोण देणार? हात माझा आहे, पोटपण माझंच आहे."

बाई थांबल्या. मला वाटलं आता कायदा ऐकवतील. त्या म्हणाल्या, "दोन्ही राहतील. मला थोडे दिवस दे." आणि तिचा तो पट्टीवाला हात त्यांनी परत एकदा, अगदी हलक्याने धरला.

दुसऱ्या दिवशी असोसिएशनची तातडीची सभा भरली. मालक मंडळी नुसती धुमसत होती. ही बाई इस्टेट बंद पाडणार, हिची बदली केलीच पाहिजे, वरपर्यंत आपली ओळख आहे, एक शिष्टमंडळ नेऊ या. कुणीतरी म्हणालं, "अहो, ह्या धंद्यात लागतंच थोडंफार. नाईक, तुम्ही तुमचीच गोष्ट वरच्या साहेबांना सांगा. बोटं गेली म्हणून कोणी रडत बसलं का? सांगा, सांगा, आत्ता सगळ्यांना सांगा."

नाईक उठले. नेहमीप्रमाणे हात वर केला. "मी तेव्हा प्रेसवर होतंय," त्यांनी सुरुवात केली. पट्टी बांधण्यापर्यंत गोष्ट नेहमीच्या वळणावर चालली होती. मग ते थांबले. बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिले. मला वाटलं चक्कर येतेय, मी पाणी पुढे केलं.

"त्या बायने माका इचारल्यान, कसा वाटला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी काय सांगूक नाय तिका. तुमका सांगतंय. बोटां गेली आणि पुढच्याच वैशाखात माझा लगीन होता. मंगळसूत्र बांधूक गेलंय, तर गाठ बसना. तिच्या भावान बांधल्यान. मांडवात सगळे हसले, मीपण हसलंय. बायको काय बोलाक नाय. पण अजून माका ता आठावता."

ह्या माणसाच्या गोष्टीला इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या त्याची मला लाज वाटली. नाईक म्हणाले, "माका तक्रार करूची नाय. त्या पोरीचा हात जाता तर मी काय डिग्री म्हणान मिरवू?" आणि ते गाळ्याकडे निघून गेले. शिष्टमंडळाचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

पुढचे काही दिवस नाईक स्वतः कपडे काळे करत बसले. मालक झाल्यापासून त्यांनी हत्यार हातात धरलं नव्हतं. आता त्यांनी प्रेसच्या तोंडाशी एक उतरती पट्टी बसवायला घेतली, म्हणजे पत्र्याचा तुकडा हाताने आत ठेवायचाच नाही, बाहेरून पट्टीवर सोडला की तो आपोआप घसरत जागेवर जाईल. जाळी कायमची लावलेली, आणि कामाचा वेग तोच. बाईंना त्यांनी आधी विचारलं होतं, जाळी कशी हवी ते तुम्हीच सांगा. बाई म्हणाल्या, "उमर गेली तुमची प्रेसवर, आणि मला विचारता? बोटं गेली ते सगळ्यांना सांगता, हातात कसब आहे ते सांगा ना कधीतरी."

पट्टी तयार झाली तसे नाईक बाईंना बोलावून आले. बाईंनी सील काढलं, रुक्सानाला लांब उभं केलं, आणि पर्समधून एक भेंडी काढली. हो, भेंडी. मरोळ नाक्यावरच्या भाजीवालीकडून घेतलेली, बोटाएवढी. जाळी आणि पट्टी यांच्यामधल्या फटीतून त्यांनी ती आत सरकवली आणि पायाने पेडल दाबलं. खट्! अर्धी भेंडी बाईंच्या हातात राहिली. ती त्यांनी नाईकांच्या टेबलावर ठेवली.

"हे रुक्सानाचं," त्या म्हणाल्या. सील परत लागलं. रुक्साना त्या अर्ध्या भेंडीकडे बघत राहिली. त्यानंतर तिने जाळीविरुद्ध एक अक्षर काढलं नाही.

ऑर्डरचे दिवस संपत आले होते. नाईक पुन्हा कामाला लागले. फट कमी केली, पट्टी लांब केली. शनिवारी संध्याकाळी काम संपलं, आणि सोमवारी सकाळी प्रेस चालली नाही तर ऑर्डर हातची जाणार होती. मी बाईंना घाबरत घाबरत फोन केला. रविवारी सरकारी माणूस येतो का कुठे! पण बाई आल्या. थेट मिस्सा आटोपून, त्याच भगदाडातून, फुलाफुलांचा फ्रॉक घालून. पायांत मात्र तेच जाड बूट. चर्चमध्ये डोक्यावर घेतलेला जाळीदार रुमाल त्यांनी दारातल्या खुंटीला अडकवला, प्रेसचं सील काढलं आणि पर्स उघडली.

भेंडी फटीत जाईना. त्यांनी वरून प्रयत्न केला, बाजूने केला, खाली बसून केला. फ्रॉकला ग्रीस लागलं. दर वेळी पेडल दाबून बघितलं. शेवटी त्यांनी ती अख्खी भेंडी डोळ्यांपुढे धरली आणि पर्समध्ये परत टाकली. "चला, आज आईला भाजी झाली," त्या म्हणाल्या. मग रुक्सानाला बसवलं. रुक्सानाने थोडा वेळ अंदाज घेत काम केलं, मग हात सुटला. तुकडे पट्टीवरून घसरत होते आणि तयार माल पलीकडे पडत होता. नगांचा वेग पूर्वीएवढाच होता, कदाचित थोडा जास्तच. रुक्साना म्हणाली, "झकास आहे मॅडम!" आणि एकाएकी रडायला लागली. बाईंचेही डोळे भरून आले. त्यांनी ते बाहीने पुसले आणि बाहीचं ग्रीस गालाला लागलं, ते कुणी त्यांना सांगितलं नाही.

नाईकांना वाटलं, आता केसही जाईल. बाई म्हणाल्या, "केस राहील. कोर्टात दंड होईल तो भरायचा."

"मगे ह्या सगळा कित्याक केलंय मी?" नाईक दुखावून म्हणाले.

"केस काल होतं त्याची आहे नाईक. आज आहे त्याच्याशी मी हात मिळवते." आणि त्यांनी हात पुढे केला. नाईकांनी जरा नाराजीनेच तो घेतला. ऑर्डर वाचली, गाळा चालू राहिला. नाईकांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला, आणि येताना माझ्या ऑफिसात येऊन बाईंना मालवणीत चार शिव्या घातल्या. नाताळात त्यांच्याकडे इतका मोठा डबा आला की तो गाळ्यातल्या सगळ्यांना पुरला. हळूहळू आजूबाजूचे मालक नाईकांची पट्टी बघायला येऊ लागले. नाईक हात वर करून आता दुसरंच काही दाखवायचे, ती पट्टी कशी वाकवली ते.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी शेवटची फेरी काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या मुख्य गेटने आल्या. "आज मुद्दाम गेटने आले कर्णिक," त्या म्हणाल्या. "बघू या कोण कोण धावतं." वॉचमनने सवयीने ग्रुपवर 'पाहुणे आले' टाकलं होतं. धावले काही जण. दोन-चार शटरं खाली आली, एका गाळ्यात कपाटाचं दार वाजलेलं मी ऐकलं. जग काही एका बाईने बदलत नाही. पण बऱ्याच गाळ्यांत काहीच हललं नाही. माणसांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा काम सुरू केलं.

नाईकांच्या गाळ्यात तर कुणी मानही वर केली नाही. जाळ्या ठेवायच्या त्या जुन्या कपाटात आता कामगारांचे जेवणाचे डबे होते. बाई मोठ्या प्रेसपाशी गेल्या. जाळीवर तेलाचा आणि धुळीचा जाड थर चढला होता, मूळचा पिवळा रंग कुठे दिसत नव्हता. बाईंनी तिच्यावरून हळूच बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. बोट काळंकुट्ट झालं होतं. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या घाणेरड्या वस्तूकडे इतक्या प्रेमाने बघताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

रुक्सानाने प्रेस थांबवली आणि आपणहून दोन्ही हात पुढे केले. बाईंनी ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि सगळी बोटं एकदा कुरवाळली. मग नाईकांकडे वळून हात पुढे केला. नाईकांनी उजवा दिला. मिस्किटाबाई म्हणाल्या, "चला, येते," आणि मागच्या दाराने निघाल्या.

नाईकांच्या तळव्यावर, दोन बोटं जिथे नव्हती त्याच्या खालीच, काळा डाग उमटला होता. मी म्हटलं, "साबण आणू का?"

"रवांदे तसोच," नाईक म्हणाले.

मागच्या दारातून भिंतीचं भगदाड दिसत होतं. बाई वाकून त्यातून पलीकडे गेल्या आणि गावठाणाच्या वाटेला लागल्या. पर्स एका खांद्याला होती, आणि ते काळं बोट त्यांनी ड्रेसला लागू नये म्हणून बाजूला वर धरलं होतं. भिंतीला पुसलं असतं तरी चाललं असतं. ते घरी आईला दाखवायला नेत असाव्यात.